शाळांसाठीच्या लिनक्सचं रिलीज वेळापत्रक: सहा महिने, वर्ष, की 'झालं की काढू'?

लॅबवाला_नागपूर

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण मिळून शाळांच्या संगणक लॅबसाठी डेबियनवर आधारलेली एक छोटी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती, चालवतो. नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात वाटेल. मराठी डेस्कटॉप, इनस्क्रिप्ट कीबोर्ड, लिबरऑफिस, मुलांना शिकायला जीकॉम्प्रिस, स्क्रॅच वगैरे सगळं एकाच आयएसओत (इन्स्टॉल करायच्या फाइलीत), इंटरनेट नसलं तरी चालेल असं. नागपूर, वर्धा आणि भंडारा जिल्ह्यांतल्या काही शाळा वापरतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून विचारणा एकदम वाढली. ज्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही त्याचं काय करायचं, असं विचारणारा एखादा मुख्याध्यापक दर आठवड्याला भेटतोच.

आजवर आमचं वेळापत्रक म्हणजे 'झालं की काढू'. आता शाळा विचारतात, पुढचं व्हर्जन कधी, आणि हे कुठवर चालेल? आमच्याकडे उत्तर नाही. गटात दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, उबुंटू या मोठ्या डिस्ट्रोसारखं एप्रिल-ऑक्टोबर धरा. दुसऱ्याचं म्हणणं, वर्षातून एकदा, तेही जमलं तर. बेसवरूनही, म्हणजे पाया कोणता घ्यायचा यावरूनही, वाद आहे: डेबियन १३ वर जायचं, की एप्रिल २०२६ च्या उबुंटू २६.०४ ची वाट बघायची? केरळच्या काइट या सरकारी संस्थेची शाळांची प्रणाली उबुंटू एलटीएसवरच (जास्त वर्षं सपोर्ट असलेल्या व्हर्जनवर) चालते, १८.०४ आणि २२.०४ असे तिचे आकडेसुद्धा तेच. म्हणून काहींना तोच रस्ता बरा वाटतो.

आम्ही सगळे नोकऱ्या सांभाळून हे करतो. रविवारी सकाळी धरमपेठेत भेटतो, त्यात अर्धा वेळ तर्री-पोह्यांतच जातो. काही शाळांत अजून ३२-बिट मशीन आहेत. व्हर्जनला नंबर कसा द्यायचा हेही ठरलेलं नाही. ज्यांनी रिलीजचं काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करायची?

आर्चप्रेमी_वर्धा

भाऊ, कायले डोक्याले ताप? रोलिंग करून टाका, म्हणजे जसं येईल तसं अपडेट घेत राहा. व्हर्जनच नाही तर तारीख कायची अन् सपोर्ट कायचा. मी तर चार वर्षांपासून एकाच इन्स्टॉलवर चालवून राहिलो.

लॅबवाला_नागपूर

दादा, तुमच्याकडे फायबर आहे. आमच्या निम्म्या शाळांत हेडमास्तरांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट हेच इंटरनेट. तिथे रोलिंग म्हणजे दोन महिन्यांनी कुणीतरी अपडेटचं बटण दाबणार, अर्ध्यात नेट जाणार, आणि दुसऱ्या दिवशी सातवीचा तास.

परसोडीचा_काका

मी परसोडीच्या आयटी पार्कात एका कंपनीत बरीच वर्षं रिलीज सांभाळण्याचंच काम केलं. कंपनीचं नाव राहू द्या. आता घरी बसून डेबियनची पॅकेजं बघतो. थोडं लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

सहा महिने की वर्ष, हा प्रश्न नंतरचा. आधी हे सांगा, तुमची आयएसओ मशीनवर चढते कोणत्या महिन्यात?

उबुंटू एप्रिल-ऑक्टोबर का धरते? २००४ च्या ऑक्टोबरात ४.१० आलं तेव्हापासून त्यांनी आपली गाठ ग्नोम या डेस्कटॉपशी बांधली आहे. ग्नोम मार्च आणि सप्टेंबरात येतं, ते आवरून-सावरून महिनाभरात उबुंटू बाहेर. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोचंही साधारण तेच, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास. नवा डेस्कटॉप लोकांपर्यंत लवकर पोचवणं हे त्यांचं कामच आहे. तुमचं ते काम नाही. काटोल-उमरेडच्या पोरांना ग्नोमचं ताजं व्हर्जन महिन्याभरात मिळालं नाही तर कुणाचंही अडत नाही. तेव्हा तुमची तारीख शाळेच्या कॅलेंडरातून निघाली पाहिजे, आणि तीही आपल्याकडच्या शाळेच्या. पुण्या-मुंबईकडे जूनच्या मध्यात शाळा उघडतात, विदर्भात उन्हापायी जूनच्या शेवटी. जानेवारी-फेब्रुवारीत बारावीची प्रात्यक्षिकं, मग लेखी, मग बाकीच्या परीक्षा. त्या काळात लॅबला कुणी हात लावू देणार नाही, आणि देऊही नये. उरल्या दोन फटी: शाळा उघडण्याआधीचे दिवस आणि दिवाळीची सुट्टी. दिवाळीनंतर वर्षाच्या मध्येच मुलांचा मेनू बदलला की मास्तर तुम्हाला शिव्या देणार. म्हणजे मोठं रिलीज वर्षाला एकच, आणि ते उन्हाळ्यात.

माझ्या मते आयएसओ १५ मेच्या आत मिररवर (डाउनलोडच्या सर्व्हरवर) हवी. शाळा जूनअखेर उघडते तर एवढी घाई का? कारण २५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. पत्र्याच्या छताखालच्या लॅबमध्ये दुपारी मशीन पंधरा-वीस मिनिटांत तापून आपोआप बंद पडतं. 'इन्स्टॉलर मध्येच अडकतो' म्हणून बग येतो, तुम्ही डिस्क पार्टिशनचा कोड उकरत बसता, आणि दोष निघतो प्रोसेसरच्या पंख्यात अडकलेल्या धुळीचा. मेअखेरच्या लॅबमधून आलेल्या प्रत्येक तक्रारीत आधी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमधली तापमानाची ओळ शोधा. मी तर म्हणेन, त्या दिवसांत चाचणी करूच नका.

आता बेस. डेबियनच्या गेल्या पाच रिलीजच्या तारखा बघा: जून २०१७, जुलै २०१९, ऑगस्ट २०२१, जून २०२३, ऑगस्ट २०२५. दर वेळी विषम वर्ष आणि पावसाळा. तोवर आपल्या शाळा सुरू तरी झालेल्या असतात किंवा उंबरठ्यावर असतात, म्हणजे त्या वर्षी तुम्ही गप्प बसायचं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आठ-दहा महिने मिळतात, आणि दर दोनेक महिन्यांनी येणाऱ्या पॉइंट रिलीजमधून (छोट्या दुरुस्ती-व्हर्जनांतून) सुरुवातीचे बग धुऊन निघतात. डेबियन १३ हे ९ ऑगस्ट २०२५ ला आलं, २०२६ च्या उन्हाळ्यात ते छान मुरलेलं असेल. उबुंटू एलटीएस येते सम वर्षी, एप्रिलच्या शेवटी. ती घेऊन मेमध्ये शाळेत लावायची म्हणजे तीन आठवड्यांचं पोर कामाला जुंपण्यासारखं. खुद्द उबुंटूसुद्धा जुन्या एलटीएसवाल्यांना नव्यावर यायला विचारते ते जुलै-ऑगस्टातलं '.१' हे पहिलं दुरुस्ती-व्हर्जन आल्यावरच. त्यांना नाही ती घाई तुम्हाला कशाला? २६.०४ वर जायचंच असेल तर २०२७ साली जा. काइटचं उदाहरण चांगलं आहे, पण त्यांच्यामागे सरकारी यंत्रणा आणि शिक्षक प्रशिक्षण आहे. तुमच्यामागे रविवारचे पोहे आहेत.

खरा घाम फुटतो तो जुनी व्हर्जन्स सांभाळताना. रिलीज काढणं त्या मानाने सोपं. ओपनबीएसडी ही आणखी एक मुक्त प्रणाली १९९६ पासून वर्षातून दोनदा रिलीज काढते आणि सपोर्ट फक्त शेवटच्या दोघांना देते. म्हणजे एक वर्षात जुनं बाद. त्यांचे वापरणारे अपग्रेड करतात म्हणून ते चालतं. फेडोराचं एक रिलीज साधारण तेरा महिने जगतं. उबुंटूची मधली, एलटीएस नसलेली रिलीज आधी अठरा महिने सांभाळायचे, २०१३ मध्ये १३.०४ पासून ते नऊ महिन्यांवर आणलं. एवढी पगारी माणसं असून त्यांनी ते कमी केलं, त्याअर्थी काही कारण असेल ना? तुमची शाळा एकदा इन्स्टॉल केलं की तीन वर्षं हलत नाही. सहामाही रिलीज काढलं तर कोणत्याही दिवशी तुमच्या सहा व्हर्जन्स शाळांत चालू असतील. सुरक्षेचं एखादं अपडेट आलं की ते सहा जागी तपासायचं. कोण तपासणार?

म्हणून असं करा. डेबियनचा नवा बेस दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या उन्हाळ्यात: २०२६, २०२८. मधल्या वर्षी, म्हणजे २०२७ ला, बेस तोच, फक्त ताजे पॉइंट रिलीज आणि तुमची पॅकेजं घालून नवी आयएसओ. डेबियनला तीन वर्षं नेहमीचा सपोर्ट आणि पुढची दोन वर्षं एलटीएस, त्यामुळे एका वेळी दोनच बेस जिवंत राहतील. दोन झेपतात.

३२-बिटचं दुखणं डेबियननेच मिटवलं आहे. १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही, कर्नलही नाही. ती मशीन १२ वर राहू द्या, नव्या वेळापत्रकात धरूच नका, आणि शाळेला आजच सांगून टाका. डेबियन १२ चा एलटीएस जून २०२८ ला संपतो. तोवर त्यातली बरीचशी मशीन स्वतःच राम म्हणतील.

आता शिस्त. तारीख हलवायची नाही, आत काय जाईल ते हलवायचं. लिनक्स कर्नलमध्ये दोन आठवडे नवं सामान घेतात, मग दार बंद. पुढे दर रविवारी एक आरसी (जवळजवळ अंतिम असं चाचणीचं व्हर्जन), सातवी किंवा आठवी आरसी झाली की रिलीज. सगळं मिळून नऊ-दहा आठवडे. ज्याचं राहिलं त्याचं पुढच्या वेळी. तिथे कुणी फार रडत नाही, कारण पुढची वेळ दोन महिन्यांवर असते. तुमच्याकडे ती वर्षावर असेल, आणि वार्षिक रिलीजची खरी मेख इथेच आहे. 'आत्ता नाही घेतलं तर वर्ष गेलं' म्हणून प्रत्येक जण शेवटच्या आठवड्यात आपलं गाठोडं आत कोंबतो. डेबियनचंही हेच झालं होतं. जुलै २००२ ला वुडी नावाचं व्हर्जन आलं आणि नंतरच्या सार्ज या व्हर्जनला जून २००५ उजाडला. पुढचं कधी येईल याचा भरवसा नसला की आपलं पॅकेज बाहेर ठेवायला कुणी राजी नसतं, त्यामुळे फ्रीझ, म्हणजे नवं घेणं बंद ठेवायचा काळ, लांबतो, आणि लांबला की अजून चार जणांना आशा वाटते. मार्टिन मिशलमायर, जे २००३ ते २००५ डेबियनचे प्रमुख होते, त्यांनी पुढे केंब्रिजला नेमक्या याच विषयावर, स्वयंसेवी प्रकल्पांतल्या रिलीज व्यवस्थापनावर, २००७ साली पीएचडी केली. तारखेला बांधलेलं रिलीज स्वयंसेवकांना का मानवतं हे त्यात सविस्तर आहे. कुणी कुणाला हुकूम देऊ शकत नाही, तेव्हा हुकूम तारखेनेच द्यायचा.

आता डेबियन फ्रीझच्या तारखा आधीच जाहीर करतं. १३ साठी १५ मार्चला टूलचेन (पॅकेजं बांधायची साधनं) आणि मोठे बदल बंद, १५ एप्रिलला सॉफ्ट फ्रीझ, १५ मेला हार्ड फ्रीझ, २७ जुलैला पूर्ण कुलूप, ९ ऑगस्टला रिलीज. जवळजवळ पाच महिने नुसतं दार हळूहळू लावत नेलं. तुम्हाला एवढे टप्पे नकोत, पण दोन तरी हवेत.

तुमच्याकडे हे कोंबाकोंबीचं दडपण कमी करायला एक झडप ठेवा. दिवाळीत एका पेनड्राइव्हवर फक्त नवी अ‍ॅप्स द्या, बेसला हात न लावता. ज्याचं एप्रिलमध्ये राहिलं त्याला सहा महिन्यांनी दुसरी संधी मिळते, मग तो भांडत नाही.

इन्स्टॉलरबद्दल एक वेगळं सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. सार्ज रखडलं त्यात नव्या इन्स्टॉलरचा वाटा मोठा होता. फेडोराचं १८ वं व्हर्जन नोव्हेंबर २०१२ मध्ये यायचं ते जानेवारी २०१३ मध्ये आलं, कारण अ‍ॅनाकोंडा इन्स्टॉलर नव्याने लिहायला काढला होता. इन्स्टॉलर अर्धा झालेला चालत नाही आणि तो तपासायला प्रत्येक वेळी मशीन पुसावं लागतं. ज्या वर्षी बेस बदलणार त्या वर्षी इन्स्टॉलरला बोट लावू नका. मधल्या वर्षी काय ती हौस भागवा.

नंबर: उबुंटूचा नंबर म्हणजे वर्ष आणि महिना. २००६ साली डॅपर नावाचं व्हर्जन एप्रिलमध्ये यायचं होतं, पहिलंच एलटीएस म्हणून सहा आठवडे पुढे ढकललं, आणि नंबर ६.०४ चा ६.०६ करावा लागला. आजही तो आकडा उशिराची साक्ष देतो. तुम्ही शैक्षणिक वर्ष लिहा: २०२६-२७. मास्तरला लगेच कळतं, आणि दोन आठवडे इकडेतिकडे झाले तरी नाव खोटं पडत नाही.

शेवटचं, वेळापत्रकात किमान एक आठवडा कोरा ठेवा. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनातला चोरदरवाजा उघडकीला आला तेव्हा उबुंटू २४.०४ चा बीटा (चाचणीचं व्हर्जन) ४ एप्रिलला होता. त्यांनी पॅकेजं नव्याने बांधली आणि बीटा ११ एप्रिलला काढला. तरी अंतिम रिलीज ठरल्या दिवशी, २५ एप्रिललाच आलं. हाताशी मोकळे दिवस असले तरच असं जमतं.

आर्चप्रेमी_वर्धा

काका, एवढं तर माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्येबी नव्हतं बाप्पा. रोलिंगचा मुद्दा मागे घेतो. घरापुरता ठेवतो.

संगणकबाई_काटोल

मी शाळेत संगणक शिकवते, लॅबची किल्ली माझ्याकडेच असते. काकांचं बाकी सगळं पटलं, पण १५ मे अजिबात चालणार नाही.

१ मेला झेंडावंदन असतं आणि वार्षिक निकाल असतो. त्या दिवशी सगळे शिक्षक शाळेत असतात. २ तारखेपासून कुणी माहेरी, कुणी गावी, कुणी जनगणना नाहीतर निवडणुकीच्या ड्यूटीवर. १५ मेला तुम्ही आयएसओ मिररवर टाकली तर ती उतरवणार कोण? जूनच्या शेवटी शाळेत आलो की प्रवेश, पुस्तकं, गणवेश, पोषण आहाराच्या याद्या, यात लॅबसाठी दोन दिवससुद्धा निघत नाहीत. पेनड्राइव्ह आमच्या हातात १ मेला हवा. म्हणजे आम्ही तो घरी नेतो, सुट्टीत स्वतःच्या लॅपटॉपवर बघतो, आणि जूनमध्ये नुसतं लावायचं काम उरतं.

शिवाय सपोर्ट कधी संपणार ही तारीख वेबसाइटवर लिहून उपयोग नाही. एक पानाचं पत्र द्या, मुख्याध्यापकांच्या नावाने, मराठीत, सहीसकट. ते फायलीत लागतं, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचलं जातं, तेव्हा कुठे नव्या मशीनसाठी पैसे मागता येतात. आमच्याकडची ३२-बिट मशीन बाद होणार हे मला या धाग्यावरून कळतंय. असं पत्र असतं तर मी गेल्याच वर्षी ते पुढे केलं असतं.

दिवाळीत मेनू बदलू नका, हे काका म्हणाले ते सोळा आणे खरं. आमच्या पाचवीच्या मुलांना चित्र कुठे आहे ते पाठ असतं, नाव नाही वाचत ती. चिन्ह बदललं की हात वर: 'बाई, पेंट गायब झालं.'

भाषांतर_हमाल

लॅबवाले दादा, तुमच्या वेळापत्रकात आमच्यासाठी जागा दिसत नाही. मी काही प्रकल्पांची मराठी भाषांतरं बघते. कृपा करून स्ट्रिंग फ्रीझची तारीख वेगळी लिहा. स्क्रीनवर दिसणारं एकही वाक्य त्या तारखेनंतर बदलायचं नाही, नवं बटण नाही, शुद्धलेखन सुधारायचं म्हणूनसुद्धा नाही. मूळ वाक्यात एक पूर्णविराम वाढला तरी आमच्याकडे ते 'तपासायचं बाकी' मध्ये जातं आणि इन्स्टॉलरच्या मधोमध एक ओळ इंग्रजीत उगवते. फ्रीझनंतर किमान एक महिना आम्हाला द्या. लिबरऑफिसचं मोठं व्हर्जन फेब्रुवारी आणि ऑगस्टला येतं, त्यातलं कोणतं घेणार तेही आत्ताच ठरवा. फेब्रुवारीचं घ्यायचा मोह टाळा.

आणि रिलीज अडवायला कोणती गोष्ट पुरेशी, याची यादी आधी लिहून ठेवा. फेडोराकडे असे निकष लेखी असतात आणि गो/नो-गोच्या (काढायचं की थांबायचं) बैठकीत त्यांवरच निर्णय होतो. तुमच्या यादीत माझ्याकडून एक ओळ घाला: लिबरऑफिसमध्ये 'वऱ्हाड', 'सुऱ्या', 'दुसऱ्याला' लिहायचं, पीडीएफ करायचं, आणि ती पीडीएफ दुसऱ्या मशीनवर छापायची. अर्धा र नीट आला पाहिजे. पडद्यावर बरोबर दिसतो आणि कागदावर पायमोडका येतो, असं होतं. तसंच श आणि ल. एकाच फाँटमध्ये मराठी आणि हिंदी वळणाचे दोन्ही आकार असतात, पण भाषा मराठी म्हणून लावलेली नसली तर हिंदी वळणाचे येतात. डीफॉल्ट भाषेची एक सेटिंग चुकली की शाळेच्या प्रश्नपत्रिकेत सगळे ल परके. विदर्भातल्या शाळेसाठीची डिस्ट्रो आणि वऱ्हाड छापता येत नाही, असं नको.

परसोडीचा_काका

बाई, १ मेचा मुद्दा बिनतोड. माझा १५ मे रद्द. पण मग एक लक्षात घ्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये लॅब परीक्षेत अडकलेल्या, म्हणजे शाळेतली चाचणी डिसेंबरातच झाली पाहिजे. सगळं कॅलेंडर दोन महिने अलीकडे येतं. लॅबवाले, नव्याने मांडा बघू.

हमालताई, ऑगस्टचं लिबरऑफिस, मान्य. खरं तर डेबियनमध्ये जे आहे तेच ठेवा, वाद मिटला.

लॅबवाला_नागपूर

आज धरमपेठेत बसून मांडलं. पोहे नंतर, आधी कॅलेंडर, अशी अट घातली होती.

जुलै ते ऑक्टोबर नवं काम, ज्याला जे घालायचं ते याच चार महिन्यांत. दिवाळीच्या सुट्टीत बेस आणि पॅकेजांची यादी बंद, त्याच आठवड्यात अल्फा (पहिलं कच्चं व्हर्जन), फक्त आमच्या मशीनवर. १ डिसेंबरला स्ट्रिंग फ्रीझ. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बीटा, दोन-तीन शाळांच्या लॅबमध्ये, नाताळच्या आत परत. जानेवारीत भाषांतरं आत घ्यायची. फेब्रुवारी-मार्च फक्त बग, आणि तेही यादीत बसणारे. मार्चच्या शेवटच्या रविवारी आरसी. एप्रिलचा दुसरा आठवडा कोरा. एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी अंतिम आयएसओ, पुढच्या आठवड्यात पेनड्राइव्ह लिहून, प्रत्येकाचा चेकसम (फाइल जशीच्या तशी लिहिली गेली का हे सांगणारा आकडा) तपासून, ३० तारखेच्या आत शाळांकडे. सोबत बाईंनी सांगितलेलं पत्र. दिवाळीत अ‍ॅप्सचा पेनड्राइव्ह, मेनूला हात न लावता.

या वर्षी आपण उशिरा सुरुवात करतोय, त्यामुळे अल्फा गाळून थेट बीटावर जाऊ. नाव २०२६-२७, बेस डेबियन १३.

दोन गोष्टींवर गाडी अडली. एक, गो/नो-गो कुणी म्हणायचं? सगळ्यांनी मिळून म्हटलं तर कुणीच नो म्हणत नाही. दोन, एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी यादीतला एखादा बग शिल्लक राहिला तर? फेडोरा आठवडाभर पुढे ढकलते, पण आपल्याला १ मेच्या पुढे जाताच येत नाही.

परसोडीचा_काका

एक: एका माणसाचं नाव लिहा. अट अशी, की त्या वर्षी त्याने स्वतःचं एकही नवं फीचर आत घातलेलं नसावं. स्वतःचं पोर आत असलं की दार लावताना हात थरथरतो. दर वर्षी माणूस बदला, नाहीतर तो सगळ्यांचा वैरी होऊन बसेल. त्याला 'नो' म्हणण्याचा अधिकार हवा, 'हेही घ्या' म्हणण्याचा नको.

दोन: ढकलू नका. मागच्या वर्षीचीच आयएसओ सुरक्षा अपडेटं घालून नव्याने बांधलेली तयार ठेवा, दर मार्चमध्ये, नवीन रिलीज किती का चांगलं दिसत असेना. एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी नो आलं की १ मेला शाळेच्या हातात तीच जाते, आणि पत्रावर लिहायचं की नवीन बेस पुढच्या वर्षी. शाळेचं काहीही बिघडत नाही. तुमच्यातल्या कुणाचं तरी नाक कापलं जाईल, तेवढंच. ही दुसरी आयएसओ बांधायला एक संध्याकाळ लागते, बिल्ड स्क्रिप्ट नीट असेल तर. नसेल तर नवं फीचर सोडा, आधी ती नीट करा.

संगणकबाई_काटोल

डिसेंबरच्या बीटासाठी आमच्या लॅबमधली दोन मशीन देते, एक २ जीबी रॅमचं आणि एक ४ जीबीचं. मात्र आमचा लेझर प्रिंटर जुना आहे. दर वेळी चालू केला की त्याला संगणकाकडून फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) द्यावं लागतं, आणि ते इंटरनेटवरून उतरवून घ्या असं तो म्हणतो. लॅबमध्ये इंटरनेट नाही. प्रश्नपत्रिका त्याच्यावरच निघतात.

लॅबवाला_नागपूर

बाई, मॉडेल नंबर निरोपातून कळवा. 'वऱ्हाड'च्या ओळीखाली हीच ओळ टाकतो: इंटरनेट नसताना प्रिंटर बंद करून चालू केला तरी छापलं पाहिजे. ते फर्मवेअर आपल्याला वाटायची परवानगी कंपनी देते का, ते या आठवड्यात बघतो. देत नसेल तर बीटाच्या आधीच सांगतो, म्हणजे शाळेला दुसरी सोय करायला वेळ मिळेल.